मराठवाडा पठाराचे स्थलवर्णनात्मक सर्वेक्षण

गोदावरी नदी आणि अजिंठ्याची डोंगररांग यांच्या दरम्यानच्या कोरड्या पठारी प्रदेशाचे मापन करून त्याचे नकाशे तयार करण्याचे कार्य. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत होता. त्यामुळे त्याच्या सर्वेक्षणाचा इतिहास मुंबई इलाख्याच्या सर्वेक्षणाहून वेगळा आहे. मापनाची साखळी येथे पुण्या-मुंबईकडून आली नाही, ती मद्रासकडून, बंगलोर-बीदरमार्गे आली. स्थलवर्णनात्मक नकाशात डोंगर, नद्या, वाटा, वस्त्या व पाण्याच्या जागा एका निश्चित प्रमाणात आणि उंचीसह दाखविलेल्या असतात. जमीनमहसुलासाठी काढलेल्या गाव नकाशात शेतांच्या हद्दी व क्षेत्रफळ यांना महत्त्व असते. चढउताराशी त्याला फारसे कर्तव्य नसते. या दोन प्रकारांची गल्लत वारंवार होते, म्हणून हा भेद आरंभीच ध्यानात घेणे इष्ट.

जालना जिल्ह्यातील राजूर हे गाव या प्रदेशाचा नमुना म्हणून घेता येईल. जालना शहराच्या उत्तरेस सु. २५ किमी. अंतरावर, २०° उत्तर अक्षवृत्ताच्या अगदी जवळ ते वसलेले असून तेथील गणपतीचे देवालय एका टेकडीवर आहे. सभोवतालचा मुलूख बेसाल्ट खडकाचा. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेल्या या भूमीवर सपाट माथ्याच्या टेकड्या, त्यांच्या पायऱ्यांसारख्या कडा आणि मधली उथळ खोरी असा क्रम पुनःपुन्हा येतो. पूर्णा आणि तिच्या गिरजा, केळना, जुई या उपनद्या उत्तरेकडील भाग निचरतात. दक्षिणेकडे दुधनेचे खोरे आहे. पाऊस सर्वसाधारणपणे ६५० ते ७५० मिमी., तोही बेभरवशाचा. हे काही वाळवंट नव्हे. परंतु मार्च ते मे या महिन्यांत कोरडी नदीपात्रे, उघडे माळ आणि धुळीने भरलेले क्षितिज यांमुळे मापन करणाऱ्यास वाळवंटातल्यासारख्याच अडचणी येतात. येथील मुख्य अडचण उंचीची नाही, सारखेपणाची आहे. एक टेकडी दुसरीसारखी, एक नाला दुसऱ्यासारखा आणि गावांची नावेही तीच ती: पिंपळगाव, वरूड, देऊळगाव, टाकळी.

असईची लढाई : या सारखेपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे २३ सप्टेंबर १८०३ रोजी राजूरच्या उत्तरेस जेमतेम एका मजलेवर असलेल्या असई येथे दिसून आले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांच्या सैन्याचा पाठलाग करीत मेजर जनरल आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांच्या दोन फौजा या भागात आल्या होत्या. २१ सप्टेंबर रोजी बदनापूर येथे दोघांची मसलत झाली. डोंगरांच्या दोन अंगांनी जाऊन २४ तारखेस भोकरदनजवळ एकदम हल्ला करावा, असे ठरले. मराठ्यांचा तळ भोकरदनास आहे, अशी हरकाऱ्यांची बातमी होती. बातमी खोटी नव्हती. भोकरदन हे जसे एका गावाचे नाव होते, तसेच ते परगण्याचेही होते. हरकाऱ्यांनी परगणा सांगितला आणि इंग्रज छावणीने गाव ऐकले. परिणामी २३ तारखेच्या सकाळी वेलस्ली नळणी येथे पोहोचला, तेव्हा सबंध दिवसाच्या मजलेवर असावयाचे सैन्य दोन-तीन कोसांवर, केळना व जुई यांच्या दुआबात उभे आहे, असे त्याला कळले. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढण्याचे ठरविले.

दुसरा प्रश्न नदी ओलांडण्याचा होता. समोरचा उतार मराठ्यांच्या तोफांच्या माऱ्यात होता आणि खालच्या अंगाला दुसरा उतार नाही, असे वाटाडे ठामपणे सांगत होते. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा केळनेच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोर दिसली. दोन गावे इतकी जवळ असून त्यांच्यात येण्याजाण्याची सोय नसेल, हे संभवत नाही, असे अनुमान त्याने केले. शोध घेता उतार सापडला, सैन्य पलीकडे गेले आणि लढाई मराठ्यांच्या डाव्या बगलेकडून सुरू झाली. इंग्रजांचे ठार, जखमी व बेपत्ता मिळून १,५८४ लोक कामी आले. मराठ्यांकडील हानीही मोठी होती. लष्करी इतिहासकारांनी या अनुमानाचे पुष्कळ कौतुक केले आहे. नकाशाच्या इतिहासकाराला मात्र त्यात वेगळीच गोष्ट दिसते. ज्या सेनापतीजवळ त्या काळची उत्तम साधने होती, त्याला आपण कोठे आहोत हे परगण्याच्या नावावरून आणि उतार कोठे आहे हे गावांच्या मांडणीवरून ताडावे लागले. वाटाडे खोटे बोलले की त्यांना खरोखरच माहीत नव्हते, याचा निर्णय आता होणे कठीण आहे. परमुलखातल्या फौजेला आपल्या गावचा उतार दाखविण्याची घाई कोणत्याही खेडुताला नसते, एवढे मात्र खरे.

पूर्वीचे नकाशे : त्या वेळी दख्खनचे नकाशे मुळीच नव्हते, असे नाही. जेम्स रेनेल याने १७८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या नकाशात दख्खनचा भाग होता. त्याची माहिती देताना रेनेलने फ्रेंच सेनानी ब्यूसी याच्या कूचांच्या नोंदींचा आधार घेतला होता. मुंबई इलाख्यात चार्ल्स रेनल्ड्झ याने अशाच मार्गनोंदी जमवून मोठा नकाशा सिद्ध केला. त्याकरिता त्याने हिंदी माणसांकरवीही मार्ग मोजून घेतले. निजामाच्या मुलखात कॉलिन मॅकेंझी १७९२ पासून हेच काम करीत होता. या सर्वांची पद्धत मार्गसर्वेक्षणाची होती. चाकाच्या फेऱ्यांवरून किंवा वेळेवरून अंतर काढावयाचे, होकायंत्राने दिशा घ्यावयाची आणि वाटेत दिसलेली गावे, नद्या व डोंगर लिहून ठेवावयाचे. मराठी दप्तरांतील मजलांच्या याद्याही याच जातीच्या आहेत. फरक इतकाच, की त्यांत दिशेऐवजी कोस आणि मुक्कामाची सोय यांना अधिक स्थान असे.

अशा नकाशात वाटेच्या दोन्ही बाजूंचा अरुंद पट्टा कळतो, त्यापलीकडे कोरा कागद राहतो. शिवाय प्रत्येक मार्गातील चूक पुढे पुढे साचत जाते आणि दोन मार्ग एकमेकांस मिळतात, तेथे एकच गाव दोन जागी पडते. विस्तीर्ण सपाट प्रदेशात हा दोष अधिक जाणवतो, कारण चूक पकडून देईल अशी ठळक खूण मध्ये येत नाही.

त्रिकोणांची साखळी : यावरचा उपाय विल्यम लॅम्टन याने आरंभिला आणि त्याचा असईशी एक चमत्कारिक संबंध आहे. लॅम्टन हा तेहतिसाव्या पायदळ पलटणीतील अधिकारी. त्याच पलटणीचा कर्नल आर्थर वेलस्ली होता. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर द्वीपकल्पाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे विणण्याची योजना लॅम्टनने मांडली. ती सरकारदरबारी मान्य होण्यास वेलस्लीच्या शिफारशीची मोठी मदत झाली. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट टॉमस टेकडीपाशी आधाररेषेचे मापन सुरू झाले. म्हणजे असईच्या रणांगणावर नकाशावाचून अनुमान करण्याची वेळ आलेल्या सेनापतीनेच दीड वर्षापूर्वी सुरू झालेल्या या कामाला पाठबळ दिले होते.

या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. सपाट जागेवर काही किलोमीटर लांबीची एक रेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या एका टेकडीकडे पाहून कोन घ्यावयाचे. एक बाजू व दोन कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. त्या बाजू पुढच्या त्रिकोणांच्या आधाररेषा होतात आणि साखळी पुढे सरकते. जमिनीवर प्रत्यक्ष चालून मोजावयाचे अंतर अगदी थोडे. बाकी सर्व दृष्टीने आणि आकडेमोडीने. शेकडो किलोमीटर गेल्यावर पुन्हा एक आधाररेषा मोजून गणिताची पारख केली जाते. लॅम्टनने अशा रेषा बंगलोर, गुत्ती व बीदर येथे मोजल्या. बीदरची १८१५ मध्ये. बीदर भागातील दामरगिड्डा हे स्थानक सु. १८° ३' अक्षांशावर आहे. तेथपर्यंतची दक्षिणोत्तर रेषा ७८° रेखावृत्ताच्या आसपास कन्याकुमारीकडून आली होती. तिलाच पुढे ‘महाचाप’ हे नाव पडले. १८२२ मध्ये वऱ्हाडात, अचलपूरच्या परिसरातील टाकरखेडा येथे नवी आधाररेषा मोजण्यात आली. सर्वेक्षणाच्या कागदांत हे गाव ‘टाकलखेरा’ असे आहे. राजूरचा अक्षांश या दोन स्थानकांच्या मध्ये येतो. मात्र महाचाप त्याच्या पूर्वेस सु. दोनशे किमी. अंतरावरून गेला.

मापनाचे मुख्य साधन म्हणजे विल्यम केरी याने लंडनमध्ये तयार केलेला थिओडोलाइट. त्याचे वर्तुळ ३६ इंचांचे (सु. ९१ सेंमी.) आणि वजन सु. अर्धा टन. हिंदुस्थानात येताना तो फ्रेंचांच्या हाती सापडला व मॉरिशसहून सन्मानाने परत पाठविण्यात आला. १८०८ मध्ये तंजावर येथील देवालयाच्या गोपुरावर चढविताना तो आपटला आणि लॅम्टनने स्वतः कित्येक आठवडे खपून तो दुरुस्त केला. साखळीची कथाही अशीच आहे. चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी नेलेली ही पोलादी साखळी तेथे नाकारली गेल्यावर हिंदुस्थानात आली. अशा आख्यायिकावजा पण खऱ्या गोष्टींनी या सर्वेक्षणाचा इतिहास भरलेला आहे. त्यांच्या झगमगाटात निशाण घेऊन टेकडीवर दिवसदिवस उभे राहणारे खलाशी आणि यंत्र खांद्यावरून वाहून नेणारे हमाल झाकले जातात. अहवालांत त्यांची नावे क्वचितच आढळतात.

ऋतूचा प्रश्न : दख्खनच्या पठारावर केव्हा काम करावे, हा प्रश्न तांत्रिक वाटला, तरी त्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते. उन्हाळ्यात धूळ आणि तापलेल्या हवेची थरथर यांमुळे २०-३० किमी. अंतरावरील निशाण दिसेनासे होते. पावसाळ्यात एखादी सर पडून गेल्यावर हवा स्वच्छ होते व दूरची टेकडी रेखीव दिसते. म्हणून लॅम्टनच्या पथकाची रीत पावसाळ्यात आणि त्याच्या लगोलग काम करण्याची होती. तोच हिवतापाचाही मोसम. १८१८ च्या अखेरीस लॅम्टनचा मुख्य साहाय्यक म्हणून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट याला पुढच्याच वर्षी हैदराबादच्या पूर्वेकडील, कृष्णा-गोदावरी दरम्यानच्या जंगलात पाठविण्यात आले. तेथे तो स्वतः आणि त्याचे जवळजवळ सगळे पथक तापाने आडवे झाले. काही माणसे दगावली. एव्हरेस्टला प्रकृतिसुधारणेसाठी केप ऑफ गुड होपला जावे लागले. परत आल्यावर १८२२ च्या अखेरीस तो बीदरच्या बाजूने मुंबईच्या दिशेने नवी त्रिकोणमाला नेऊ लागला. या मालेचे काम पुढे रॉबर्ट शॉर्टरीड, विल्यम जेकब इत्यादींनी पुरे केले.

पुढील काळात एव्हरेस्टने ही रीतच बदलली. कोरड्या, थंड हंगामात काम; दिवसा आरशाने सूर्यकिरण फेकणारे हीलिओट्रोप आणि रात्री दिवे. रात्रीच्या हवेत प्रकाशकिरण अधिक वाकतात व क्षितिजाआडचा दिवाही वर उचलल्यासारखा दिसतो, या अनुभवाचा त्याने उपयोग करून घेतला. धुळीच्या मुलखाला हीच पद्धत मानवणारी होती.

स्वतः लॅम्टन वृद्धापकाळीही क्षेत्रात होता. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथे आहे. त्याच्या पथकातील वैद्य व भूविज्ञ हेन्री व्हॉयसी, ज्याने हैदराबाद राज्याच्या भूरचनेविषयी पहिले शास्त्रीय अहवाल लिहिले, तोही पुढच्या वर्षी वारला. एव्हरेस्टने १८२४-२५ मध्ये सिरोंजपर्यंत महाचाप नेला. १८३१ मध्ये राधानाथ सिकदार यांच्यासारखे गणिती त्याच्या हाताखाली आले. मोठ्या यंत्रांची दुरुस्ती व नवी आखणी आर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी केली.

तपशील भरण्याचे काम : त्रिकोणांची साखळी म्हणजे नकाशा नव्हे. तिने काही शिखरांची अचूक स्थाने मिळतात. गाव, नाला, विहीर, गाडीवाट यांपैकी काहीच मिळत नाही. निजामाच्या मुलखात हा तपशील भरण्याचे काम १८१६ च्या सुमारास जेम्स गार्लिंग याच्याकडे सोपविण्यात आले. गोव्याचे सर्वेक्षण त्याने त्यापूर्वीच केले होते. १८२० मध्ये गार्लिंग मरण पावला आणि काम एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात दशकानुदशके चालले. मद्रासच्या सर्वेक्षण शाळेत शिकलेले, बहुधा मिश्र वंशाचे तरुण साहाय्यक या कामाचा खरा भार उचलीत.

त्यांचे साधन समतल फलक. तिपाईवर आडवा ठेवलेला फलक, त्यावर ताणलेला कागद व कडेला दृष्टिरेषेसाठी पट्टी. कागदावर त्रिकोणीकरणाने मिळालेले बिंदू आधीच मांडलेले असतात. सर्वेक्षक एखाद्या उंचवट्यावर उभा राहून ज्ञात शिखरांकडे पट्टी रोखतो. तीन रेषा जेथे मिळतात, ते त्याचे स्थान. मग देवालयाचे शिखर, गढीचा बुरूज, एकाकी वड अशा दिसतील त्या खुणांकडे रेषा काढावयाच्या. दुसऱ्या ठिकाणाहून त्याच खुणांकडे पुन्हा रेषा काढल्या, की छेदनबिंदूंवर ती ठिकाणे बसतात. सपाट माळावर अशा खुणा थोड्या असतात. त्यामुळे टेकडीवरील देवालयाचे मोल सर्वेक्षकाच्या लेखी फार असते. राजूरसारख्या ठिकाणी अशी खूण दूरवरून दिसते. दुधनेच्या खोऱ्यात मात्र मैल-मैल चालूनही तीन शिखरे एकदम नजरेत येत नाहीत.

या सामग्रीवरून लंडनमध्ये १८२७ पासून ‘इंडियन ॲटलास’चे नकाशे एका इंचास चार मैल या प्रमाणात कोरले जाऊ लागले. १८६८-६९ नंतर हे कोरीवकाम कलकत्त्यास हलविण्यात आले. चढउतार दाखविण्यासाठी हॅशूर पद्धत, म्हणजे उताराच्या दिशेने काढलेल्या आखूड रेघांची पद्धत, वापरलेली असे. अजिंठ्याच्या कड्यांना ती शोभून दिसते. पण पठारावरील मंद उतार तिच्यात हरवून जातो, आणि पाणी कोठे वाहते व कोठे मुरते, हे तर त्या मंद उतारावरच ठरते.

नावांचा प्रश्न याहून बिकट होता. तमिळ-तेलुगू मुलखात तयार झालेले साहाय्यक, फार्सी-उर्दूत चालणारा संस्थानी कारभार आणि मराठी बोलणारे खेडूत यांच्या मधून गावाचे नाव इंग्रजी लिपीत उतरत असे. असई, भोकरदन, टाकरखेडा ही नावे जुन्या कागदांत चटकन ओळखू येत नाहीत. बुद्रुक-खुर्द गळून पडले, वाडी आणि मूळ गाव एक झाले. १८७० नंतर हंटर याच्या लिप्यंतर पद्धतीमुळे काहीशी शिस्त आली. तथापि ‘ड’, ‘द’, ‘ळ’ यांचा घोळ रोमन लिपीत राहिलाच.

लडाखशी तुलना : याच त्रिकोणीकरणाची पुढची शाखा उत्तरेकडील उंच वाळवंटात गेली. तेथील अनुभव नेमका उलटा असल्याने दोहोंची तुलना उद्बोधक ठरते. टॉमस माँट्गमरी याच्या देखरेखीखाली १८५५ ते १८६४ या काळात काश्मीर व लडाखचे सर्वेक्षण झाले. तेथे हवा विरळ व कोरडी, झाडोरा नाही, प्रत्येक शिखर निराळे. १८५६ मध्ये हरमुखवरून माँट्गमरीने दोनशे किलोमीटरांहून दूर असलेले काराकोरममधील के-२ शिखर हेरले. त्यानंतर हेन्री गॉडविन-ऑस्टिन याने समतल फलक घेऊन बाल्टोरो हिमनदी व पँगाँग सरोवर यांच्या परिसराचे नकाशे काढले. थंडी, विरळ हवा व रसदीचा तुटवडा यांनी माणसे हैराण होत. पण बिंदूंची वाण कधीच नव्हती. वाण होती ती नावांची आणि ती सांगणाऱ्या माणसांची. निर्मनुष्य पठारावर कोणत्या ओढ्याला काय म्हणतात, कुरण कोणाचे, हद्द कोठून जाते, हे विचारावयाचे कोणाला? १८६५ मध्ये विल्यम जॉन्सन लेहहून अक्साई चीन ओलांडून खोतानला गेला व आला. या एका प्रवासावर आधारलेल्या त्याच्या नकाशातील काही स्थाने व उंच्या सदोष असल्याचे पुढे दिसून आले. तथापि त्या नकाशाने दाखविलेली हद्द सीमाप्रश्नाच्या चर्चेत विसाव्या शतकातही उद्‌धृत होत राहिली.

त्यापलीकडे तिबेटात यंत्रे उघडपणे नेता येत नव्हती. तेव्हा नैनसिंह रावत यांच्यासारख्या शिकवून तयार केलेल्या पंडितांनी शंभर मण्यांच्या माळेवर पावले मोजीत जुन्या मार्गसर्वेक्षणाचाच आश्रय घेतला. १८७४-७५ मध्ये ते लेहहून तिबेटचे पठार ओलांडून ल्हासाला गेले. अर्थात ही पद्धत रेनेलच्या काळच्यापेक्षा पुष्कळच काटेकोर झाली होती. उंचीसाठी पाण्याचा उत्कलनबिंदू आणि अक्षांशासाठी ताऱ्यांचे वेध घेतले जात.

मराठवाड्यात नावे उदंड आणि बिंदू दुर्मिळ. लडाखमध्ये बिंदू उदंड आणि नावे दुर्मिळ. पहिल्या ठिकाणी चूक झाली, तर एक गाव दुसऱ्याच्या जागी पडते. दुसऱ्या ठिकाणी चूक झाली, तर सबंध खोऱ्याचा मालक बदलतो. दोन्ही मुलखांचे गणित मात्र एकाच पायावर उभे आहे. लडाखमधील शिखरांची स्थाने सिरोंजजवळील कल्याणपूर स्थानकापासून मोजली गेली आणि त्या स्थानकाचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेपासून महाचापाने आणलेले होते. एव्हरेस्टने १८३० मध्ये निश्चित केलेल्या पृथ्वीच्या गोलाभातही दामरगिड्डा ते कल्याणपूर या, बीदर आणि वऱ्हाडमधून गेलेल्या, चापखंडाचा उपयोग केलेला आहे.

आधुनिक नकाशे : १९०४-०५ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींनंतर भारतीय सर्वेक्षण खात्याने एका इंचास एक मैल या प्रमाणातील रंगीत नकाशांची नवी मालिका हाती घेतली. हॅशूरच्या जागी समोच्च रेषा आल्या. एकाच उंचीवरील बिंदू जोडणाऱ्या या तपकिरी रेषा दख्खनच्या बेसाल्टवर फार बोलक्या असतात. कड्यावर त्यांची दाटी होते, माथ्यावर त्या एकदम विरळ होतात आणि लाव्ह्याचा एकेक थर कागदावर मोजता येतो. १९५६ नंतर मेट्रिक पद्धत स्वीकारल्यावर प्रमाण १ : ५०,००० झाले व समोच्च रेषांतील अंतर साधारणपणे २० मी. ठरले.

या मालिकेत सारा देश चार अंश लांब-रुंद अशा चौकटींत विभागून त्यांना क्रमांक दिलेले होते. ४६, ४७, ५५ व ५६ या चार चौकटी ज्या बिंदूवर मिळतात, तो २०° उत्तर अक्षांश व ७६° पूर्व रेखांश यांचा छेदनबिंदू देऊळगाव राजाच्या लगत येतो. त्यामुळे राजूर ४६ मध्ये, जालना ४७ मध्ये, देऊळगाव राजा ५५ मध्ये आणि जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेड राजा ५६ मध्ये, अशी एका दिवसाच्या बैलगाडीच्या टप्प्यातील ठिकाणे चार निरनिराळ्या नकाशांवर विखुरली आहेत. एका कोपऱ्यात पडलेल्या मुलखाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास चार कागद जोडून घ्यावे लागतात आणि त्यांची क्षेत्रीय सर्वेक्षणाची वर्षे क्वचितच जुळतात. ही रचना करणाऱ्यांचा दोष म्हणता येणार नाही. अक्षांश-रेखांशांना गावांचे शेजार ठाऊक नसतात.

नकाशातील खुणांपैकी एकीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. ज्या ओढ्याला पाणी असेल, तो निळ्या रंगात काढावयाचा आणि ज्याचे पात्र कोरडे असेल, तो काळ्या रंगात, असा संकेत आहे. विहिरींनाही तोच न्याय. कोकणचा नकाशा पाहून मराठवाड्याचा उघडला, की काळ्या रेषांचे जाळे चटकन डोळ्यांत भरते. पूर्णा, दुधना यांची पात्रे निळी. त्यांना मिळणारे शेकडो नाले काळे. पर्जन्यमानाचे कोष्टक जे सांगू शकत नाही, ते हा रंगभेद सांगतो: पडलेले पाणी किती लवकर निघून जाते.

गावांच्या हद्दी या नकाशांवर महसुली नकाशांतून आल्या. वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवरील जमीनमोजणी १८६१ पासून सुरू झाली. हैदराबाद संस्थानात ती सालारजंगाच्या सुधारणांनंतर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात मूळ धरू लागली. त्यामुळे जालना आणि बुलढाणा या शेजारच्या जिल्ह्यांतील गाव नकाशांच्या परंपरा दोन वेगळ्या राजवटींच्या आहेत. शिवेवरच्या गावांचे सीमावाद सोडविताना आजही हे जाणवते.

१९७२ च्या दुष्काळानंतर या नकाशांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोवर ते प्रामुख्याने लष्कर, रस्ते व पाटबंधारे यांच्या उपयोगाचे मानले जात. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेने आणि पुढे पाणलोट विकासाच्या कार्यक्रमांनी त्यांचा वापर पाणलोटाच्या सीमा आखण्यासाठी केला. डोंगरमाथ्याची दुभाजक रेषा नकाशावर शोधावयाची, तिच्या आतील ओढ्यांची प्रतवारी लावावयाची आणि माथ्यापासून पायथ्याकडे सलग समतल चर, बांध व नालाबंधारे घेत यावयाचे, अशी ही रीत आहे. जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली झालेले काम या पद्धतीचे परिचित उदाहरण आहे. तेथील द्राक्षबागा व शेततळी २०१२-१३ च्या तीव्र दुष्काळातही टिकून राहिली. येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. २० मी. अंतराच्या समोच्च रेषांवरून पाणलोटाची सीमा कळते, चराची जागा कळत नाही. मंद उताराच्या माळावर दोन लगतच्या रेषांमध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर अंतर असू शकते. त्यामधला एक मीटरचा चढउतार तपासण्यासाठी शिवारात समपातन यंत्र घेऊन जावेच लागते. नकाशावर विसंबून आखलेले आणि म्हणून पहिल्याच पावसात फुटलेले बांध या भागात कमी नाहीत.

२००० साली अवकाशातून रडारने केलेले मापन आणि २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाची त्रिमितीय चित्रे यांमुळे उंचीची माहिती मिळविण्याचे साधनच पालटले. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने अशी सामग्री जिल्हावार नियोजनासाठी वापरात आणली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी व नागरी वापरासाठी अशा दोन स्वतंत्र मालिका केल्या. नागरी मालिकेत एव्हरेस्टच्या गोलाभाऐवजी जागतिक संदर्भप्रणाली आणि नवी क्रमांकपद्धती स्वीकारण्यात आली. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे मापन ड्रोनने होऊ लागले. या नव्या साधनांनी बिंदूंची वाण संपविली आहे. नावे मात्र उपग्रहाला दिसत नाहीत. ओढ्याचे, माळाचे, पाणंदीचे नाव विचारण्यासाठी सर्वेक्षकाला अजूनही गावात जावे लागते, आणि भोकरदन म्हणजे गाव की तालुका, हे विचारूनच लिहावे लागते.